मिग विमानाचे कुलशील

विवाहसंबंध जुळविताना कुल आणि शील ह्या दोहोंची चौकशी करावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. मनुष्य कोठून आला हे कुलावरून समजते. आल्यावर त्याने काय केले हे शीलावरून समजते. यंत्रांच्या बाबतीत मात्र लोक कुलाचीच चौकशी करून थांबतात, आणि तीही बहुधा ऐकीव गोष्टींवर. रशियाच्या पहिल्या जेट लढाऊ विमानांविषयी जो प्रवाद पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे, तो ह्याच मासल्याचा होय. १९४५ साली जर्मनीचा पाडाव झाल्यावर रशियनांनी जर्मनांचे नकाशे, यंत्रे आणि माणसे उचलून नेली व तीच विमाने आपल्या नावावर खपविली, असे हा प्रवाद सांगतो. ह्याच्या उलट, जे झाले ते सर्व रशियन बुद्धीचेच फळ होय, असे म्हणणारा पक्षही आहे. सत्य ह्या दोहोंपैकी कोठे आहे, ते पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

ह्या वादाशी खानदेशाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. धुळ्याहून आग्रा रस्त्याने मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत ही गावे ओलांडून नाशिककडे जाऊ लागले म्हणजे ओझर लागते. तेथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानांचा कारखाना स्थापन झाला. मिग-२१ जातीची विमाने तेथे बनू लागल्यामुळे लोक त्या जागेला ‘ओझर मिग’ असेच म्हणू लागले. प्रस्तुत लेखकाच्या हाताखालून गेलेले दोन विद्यार्थी ह्याच कारखान्यात फिटर म्हणून लागले. त्यांपैकी एकाने सुटीत भेटावयास आला असता विचारले, “गुरुजी, आम्ही जे विमान जोडतो ते मुळात जर्मनांचे, रशियाने ते चोरले, असे लोक म्हणतात, ते खरे काय?” आयुष्यभर संस्कृत शिकविलेल्या माणसास ह्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता येण्याजोगे नव्हते. परंतु वाचीत गेल्यावर असे दिसून आले की, हा प्रश्न सोडविण्याची युक्ती आपल्याच साहित्यशास्त्रात आहे.

साम्याचे तीन प्रकार

नवव्या शतकात काश्मीरात होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात एका कवीचे काव्य दुसऱ्याच्या काव्यासारखे दिसू लागल्यास त्याचा निवाडा कसा करावा, हे सांगितले आहे. त्याच्या मते साम्य तीन प्रकारचे असते. पहिले प्रतिबिंबासारखे: आरशातील प्रतिमेला स्वतःचा आत्मा नसतो. दुसरे चित्रासारखे: चित्रकाराने थोडाफार फेरफार केलेला असतो, परंतु स्वतंत्र जीव असा तेथे नाममात्रच असतो. तिसरे दोन देहधारी मनुष्यांतील साम्यासारखे: नाकडोळे सारखे असले तरी प्रत्येकाचा आत्मा निराळा असतो. पहिली दोन साम्ये कवीने टाळावीत, तिसऱ्यात दोष नाही, असा त्याचा निर्णय आहे. मिग विमानास हीच कसोटी लावून पाहू. मात्र विमानाचे धड-पंख आणि त्याचे इंजिन ह्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे. सर्व घोटाळा ही दोन एकत्र केल्याने होतो.

इंजिनाचे कुल

जेट इंजिनाचे तत्त्व समजण्यास अवघड नाही. समोरून हवा ओढून घ्यावयाची, ती दाबावयाची, दाबलेल्या हवेत इंधन जाळावयाचे, आणि तापून फुगलेला वायू मागील तोंडाने वेगाने सोडावयाचा. त्या झोताच्या प्रतिक्रियेने विमान पुढे जाते. बाहेर पडणारा वायू जाता जाता एक चक्र फिरवितो, आणि ते चक्र पुढील दाबयंत्रास फिरविते. तत्त्व जितके सोपे तितकी घडण कठीण. कारण त्या चक्राच्या पात्यांना लाल होण्याइतक्या उष्णतेत मिनिटाला हजारो फेरे घ्यावे लागतात. पाती टिकावीत कशी, हा धातुविद्येचा प्रश्न आहे. युद्धाच्या अखेरीस जर्मनीत निकेल, क्रोमियम ह्यांसारख्या धातूंचा इतका तुटवडा होता की, त्यांचे प्रसिद्ध युंकर्स ००४ हे इंजिन जेमतेम २५ तास चालले की खोलावे लागे.

रशियनांना जेट इंजिनाची कल्पना जर्मनांकडून मिळाली, हे म्हणणे बरोबर नाही. आर्खिप ल्युल्का नावाचा इंजिनिअर महायुद्धापूर्वीच अशा इंजिनाच्या खटपटीस लागला होता. पण १९४१ साली जर्मनांनी स्वारी केली आणि ते काम खंडित झाले. १९४२ च्या मे महिन्यात रशियनांनी रॉकेटवर चालणारे ‘बीआय’ विमान उडविले. पण पुढील वर्षी मार्च महिन्यात त्याचा वैमानिक बाख्चिवांजी अपघातात मृत्यू पावला. तात्पर्य, कल्पना होती, माणसे होती, परंतु चालते इंजिन नव्हते. जर्मनांजवळ ते होते. त्यांचे मेसरश्मिट २६२ हे जेट विमान १९४४ साली प्रत्यक्ष लढाईत उतरले होते.

विजयानंतर रशियनांनी जो मार्ग धरला तो सरळ नकलेचा होता. युंकर्स ००४ ची नक्कल करून तिला ‘आरडी-१०’ आणि बीएमडब्ल्यू ००३ ची नक्कल करून तिला ‘आरडी-२०’ अशी नावे दिली. येथे संशयास जागा नाही; हे शुद्ध प्रतिबिंब होय. २४ एप्रिल १९४६ ह्या एकाच दिवशी ह्या इंजिनांवर दोन रशियन विमाने उडाली. त्यांपैकी एक याकोव्हलेव्हचे ‘याक-१५’. ते म्हणजे युद्धातील ‘याक-३’ हे पंख्याचे विमानच. पंखा काढून त्याच्या नाकाखाली युंकर्स बसविले होते. दुसरे मिकोयान आणि गुरेविच ह्यांचे ‘मिग-९’. त्यात बीएमडब्ल्यूची दोन इंजिने धडाच्या पोटात शेजारी शेजारी ठेवली होती. इंजिने परकी असली, तरी ह्या दोन्ही विमानांची धडे स्वतःची होती. त्यांच्यासारखे विमान जर्मनीत कोणी बनविलेलेच नव्हते. मेसरश्मिट २६२ च जसेच्या तसे बनवावे अशी सूचना स्टालिनपुढे आली होती व आपण तिला विरोध केला, असे याकोव्हलेव्हने आपल्या आठवणींत लिहिले आहे. ह्या विरोधात स्पर्धकाचा मत्सर किती आणि शहाणपण किती, ह्याबद्दल मतभेद आहेत; परंतु मेसरश्मिट रशियात बनले नाही, ही गोष्ट खरी.

ह्यापुढील प्रकरण जर्मनांचे नसून इंग्रजांचे आहे, आणि प्रवाद पसरविणारे बहुधा तेच विसरतात. १९४६ साली ॲटलींच्या मजूर सरकारने रोल्स-रॉइस कंपनीची ‘नीन’ आणि ‘डरवेंट’ ही त्या काळची उत्कृष्ट जेट इंजिने रशियास विकण्याची परवानगी दिली. त्या वेळी व्यापारखात्याचे मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स होते. १९४२ साली आपल्याकडे शिष्टाई घेऊन आलेले तेच हे क्रिप्स. स्वतःचे गुपित विकण्याइतका मूर्ख कोण असेल, असे स्टालिन ह्या प्रसंगी म्हणाला, अशी आख्यायिका आहे. मूर्ख असो वा सज्जन, विक्री झाली. खरेदीस गेलेल्या मंडळींत मिकोयान स्वतः होता आणि इंजिनतज्ज्ञ क्लिमोव्हही होता. नीनचा रेटा सुमारे २२७० किलोग्रॅम, तर युंकर्सचा अवघा ९०० किलोग्रॅम. म्हणजे एका उडीत अडीचपट शक्ती हाती आली. रशियनांनी परवान्यावाचून नीनची नक्कल केली, तिचे नाव ‘आरडी-४५’. नंतर क्लिमोव्हने तीत सुधारणा करून ते अधिक जोरकस केले, तेव्हा ‘व्हीके-१’ झाले. आनंदवर्धनाच्या भाषेत पहिले प्रतिबिंब, दुसरे चित्र.

मागे झुकलेले पंख

आता धड-पंखांकडे वळू. ज्या विमानावरून मुख्य वाद आहे ते ‘मिग-१५’. त्याचा पहिला नमुना ३० डिसेंबर १९४७ रोजी उडाला. नाकात हवेचे तोंड, आखूड जाड धड, ३५ अंशांनी मागे झुकलेले पंख आणि उंच शेपटी, असे त्याचे रूप आहे. जर्मनीतील फोके-वुल्फ कंपनीचा मुख्य अभियंता कुर्ट टँक ह्याच्या हाताखाली हान्स मुल्टहोप ह्याने ‘टा-१८३’ नावाच्या विमानाचा आराखडा केला होता. तो १९४५ च्या आरंभी जर्मन सरकारने पसंत केला. पण विमान बनण्यापूर्वीच जर्मनी पडला. ह्या आराखड्याचे चित्र आणि मिग-१५ चे छायाचित्र शेजारी शेजारी ठेवले की, पाहणाऱ्याच्या तोंडून ‘नक्कल’ हा शब्द आपोआप निघतो.

परंतु पंख मागे का झुकवावयाचे, हे अगोदर समजून घेतले पाहिजे. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ आला म्हणजे पुढील हवेला बाजूस सरकण्यास अवधी मिळत नाही. ती पंखापुढे दाटून बसते आणि अडथळा एकाएकी वाढतो. पांझरेच्या पाटात फळी प्रवाहाला काटकोनात धरली तर पाण्याचा सगळा मारा तिच्यावर बसतो. तीच तिरपी धरली तर मारा विभागतो आणि पाणी कडेने निसटते. पंखाचेही थोडेबहुत असेच आहे. तो तिरपा असला म्हणजे हवेच्या वेगाचा काही अंशच त्यास जाणवतो, आणि त्रास उशिरा सुरू होतो. हे तत्त्व आडोल्फ बुसेमान ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९३५ साली रोम येथील परिषदेत, जगातील विद्वानांसमक्ष उघडपणे मांडले होते. त्या वेळी त्याकडे कोणी लक्ष दिले नाही, कारण तितक्या वेगाने उडणारे विमानच नव्हते. जर्मनांनी मात्र ते वातबोगद्यात तपासून त्याचे आकडे तयार केले.

१९४५ साली हे आकडे सर्वच विजेत्यांच्या हाती पडले. अमेरिकनांनी ‘सेबर’ विमानास ३५ अंश झुकलेले पंख लावले, आणि ते मिग-१५ च्या तीन महिने अगोदर, १ ऑक्टोबर १९४७ रोजी उडाले. सेबरच्या पंखांच्या पुढील कडेवरील सरकत्या पट्ट्याही मेसरश्मिटवरून घेतलेल्या आहेत. तटस्थ स्वीडनचे ‘टुनान’ १९४८ साली उडाले, तेही दिसण्यात ह्याच गोत्राचे. रशियात मिग-१५ पूर्वी, १९४७ च्या जून महिन्यात, लावोच्किनने झुकलेल्या पंखांचे विमान उडवून पाहिलेच होते. अमेरिकेने असे पंख लावले तर ते विज्ञान आणि रशियाने लावले तर ती चोरी, हा न्याय सरळ नव्हे. झुकलेले पंख, नाकात तोंड आणि एक इंजिन ही त्रयी एकदा स्वीकारली की, दहा देशांतील दहा अभियंत्यांची विमाने एकमेकांसारखी दिसणारच.

दोषांची साक्ष

तथापि, केवळ ‘दिसणारच’ एवढ्याने समाधान होऊ नये. धुळ्यात राहणाऱ्यास पोथ्यांची परंपरा नवीन नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस येथेच वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे आजही उभे आहे. एक पोथी दुसरीवरून उतरली आहे की नाही हे ठरविताना जाणता संशोधक शुद्ध पाठ जुळतात का हे पाहत नाही. शुद्ध पाठ तर सर्वांचेच जुळावयाचे. तो अशुद्धे जुळतात का ते पाहतो. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चमत्कारिक चूक असली, म्हणजे एक दुसरीवरून उतरली किंवा दोन्ही एकाच मातृकेवरून उतरल्या, हे निश्चित.

विमानांना ही कसोटी लावण्याची सोय दैवाने करून ठेवली आहे. युद्धानंतर कुर्ट टँक अर्जेंटिनास गेला आणि तेथे पेरॉनच्या आश्रयाने त्याने टा-१८३ च्याच कल्पनेवरून ‘पुल्की-२’ हे विमान बनविले. ते १९५० च्या जून महिन्यात उडाले. विशेष हे की, त्यातही रोल्स-रॉइसचे नीन हेच इंजिन होते. म्हणजे एकीकडे मूळ जर्मन आचार्य स्वतः आणि इंग्रजी इंजिन. दुसरीकडे मिकोयान आणि त्याच इंग्रजी इंजिनाची नक्कल. दोघांचे मूळ एकच असेल तर दोषही जुळावयास हवेत. पण पुल्कीची पाच विमाने झाली, त्यांपैकी काहींचे अपघात होऊन परीक्षक वैमानिक दगावले, आणि योजना बंद पडली. त्याची आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या माथ्यावर होती. नाक फार वर उचलले की ती पंखांमागील मेलेल्या हवेत सापडे आणि विमान सावरता येत नसे. मिग-१५ ची आडवी शेपटी खाली, उभ्या शेपटीच्या मध्यावर होती, त्यामुळे हा दोष त्यात आला नाही. त्याचे दोष निराळे होते. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की ते एका पंखावर कलंडू लागे आणि नाक डावी-उजवीकडे डोलवी. धडेही भिन्न होती. टा-१८३ हाइंकेलच्या वेगळ्या जातीच्या इंजिनासाठी कल्पिलेले, आणि त्याच्या पंखांवर लाकडी आवरण योजिलेले. मिगचे धड नीनच्या रुंद घेरासाठी मुद्दाम जाड केलेले. रवी ताक कडेला फेकते तसे नीनचे दाबचक्र हवा कडेला फेकते, म्हणून त्याचा घेर मोठा असतो. अर्थात् अशुद्धे जुळत नाहीत. मिग-१५ चे धड-पंख हे तिसऱ्या प्रकारचे, दोन देहधाऱ्यांतील साम्य होय.

एकाच मिग-१५ मध्ये आनंदवर्धनाचे तिन्ही प्रकार नांदतात, असे ह्यावरून निष्पन्न होते. पहिले इंजिन प्रतिबिंब, सुधारलेले इंजिन चित्र, आणि देह स्वतंत्र. आणि ज्या इंजिनावरून नकलेचा आरोप खरोखर सिद्ध होतो ते जर्मन नसून इंग्रजी आहे! संपूर्ण नक्कल कशी असते हे पाहावयाचे असेल तर ‘टु-४’ पाहावे. १९४४ साली व्लादिवोस्तोकजवळ उतरलेल्या अमेरिकन बी-२९ बाँबफेकी विमानांवरून स्टालिनच्या हुकुमाने ते उतरविले. अमेरिकन पत्र्यांची जाडी इंचांत आणि रशियन पत्रे मिलिमीटरचे, ह्यापायी त्यांची केवढी तारांबळ उडाली! पुढेही, १९५८ साली तैवानजवळ चिन्यांच्या हाती लागलेल्या अमेरिकन क्षेपणास्त्रावरून रशियनांनी ‘के-१३’ बनविले. आपल्या मिग-२१ विमानांवर ते बसविलेले असे. नक्कल करावयाची तेव्हा ते लाजत नव्हते, हे ध्यानात ठेवावे.

माणसे नेली, विद्या नेली काय?

२२ ऑक्टोबर १९४६ च्या रात्री दोन हजारांवर जर्मन तज्ज्ञ आपापल्या कुटुंबांसह आगगाड्यांत घालून रशियात नेण्यात आले. पुष्कळांना आदल्या दिवशी त्याची वार्ताही नव्हती. हे कृत्य निंद्य होते, आणि परवान्यावाचून नीन उतरविणे हेही शिष्टाचारास सोडून होते. कुलाची बाजू मांडताना शीलावरील हे डाग झाकण्याचे कारण नाही. परंतु ह्या जर्मनांना मिकोयान-याकोव्हलेव्हांच्या कचेऱ्यांपासून दूर, वेगळ्या वसाहतींत ठेवले होते. त्यांनी काढलेली विमाने एकेकट्या नमुन्यापुढे गेली नाहीत. कुइबिशेव्हजवळ फर्डिनांड ब्रांडनर आदी मंडळींनी प्रचंड टर्बोप्रॉप इंजिनावर काम केले ते मात्र फळास आले. शिवाय मिग-१५ चा नमुना तयार होत असता त्यांना रशियात येऊन पुरते एक वर्षच झाले होते.

रशियनांचे खरे कर्तृत्व ह्यापुढे दिसते. १९४६ साली युंकर्सची नक्कल करणाऱ्या देशाने १९५५ साली मिग-१९ सैन्यात घेतले, तेव्हा त्याचे इंजिन मिकुलिनच्या कचेरीत जन्मलेले, रशियन होते. आणि ज्या ल्युल्काचे काम १९४१ साली युद्धाने मोडले होते त्याने ते सोडले नाही. १९४७ साली त्याचे स्वतःचे इंजिन विमानात बसून उडाले. ओझरला पुढे बनू लागलेल्या सुखोई-३० विमानात ‘एएल-३१’ जातीचे इंजिन असते. त्यातील दोन अक्षरे म्हणजे आर्खिप ल्युल्का. नक्कल चालू असतानाच ज्याने स्वतःचा पाया घातला, त्याचे नाव अशा रीतीने नाशिक जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचले.

मूळ आचार्य आपल्या घरी

आता आपल्याकडची गोष्ट. ज्याच्या कागदांवरून रशियनांनी विमान चोरले असे म्हणतात, तो कुर्ट टँक स्वतः १९५६ साली हिंदुस्थानात आला. पेरॉनची सत्ता गेल्यावर अर्जेंटिनात त्यास थारा उरला नव्हता. आपल्या सरकारने त्याला सहकाऱ्यांसह बंगलोरच्या कारखान्यात आणले आणि आपल्या तरुण इंजिनिअरांना त्याच्या हाताखाली दिले. १९५९ साली लाकडाचा पूर्णाकृती ग्लायडर उडाला, आणि १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास ह्यांनी ‘एचएफ-२४’ हे विमान उडविले. त्याला वेदांतील वायुगणांचे ‘मरुत’ हे नाव दिले. जे रशियनांना चोरावे लागले म्हणतात, ते आपणास मूळ आचार्यासह, राजमार्गाने लाभले.

मरुताचा देह उत्तम होता, हे त्याचे वैमानिक सांगत आले आहेत. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे विमान व्हावे असा संकल्प होता. परंतु त्यास योग्य इंजिन मिळाले नाही. इंग्रजी ऑर्फियस इंजिनाच्या ज्या अधिक जोरकस रूपावर भिस्त होती, त्याचा खर्च कोणी सोसावा ह्यावरून व्यवहार फिसकटला, आणि साध्या ऑर्फियसवर काम भागवावे लागले. मग दुसऱ्या इंजिनांचा शोध सुरू झाला. त्यात एक आश्चर्यकारक योग आला. रशियातून सुटलेला तोच ब्रांडनर आता इजिप्तमध्ये इंजिन बनवीत होता. एक मरुत तिकडे पाठवून १९६७ साली त्यात ते इंजिन बसवून पाहिले. तेही दोन वर्षांत बंद पडले. टँक १९६७ साली परत गेला. सुरंजन दास १९७० साली मरुताच्याच अपघातात कामी आले. एकंदर १४७ मरुत बनले; १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी नेटाने काम केले, आणि १९९० च्या सुमारास ते निवृत्त झाले. त्याच्या वंशाचे दुसरे विमान झाले नाही.

रशियनांजवळ कदाचित कागद होते, आपणाजवळ प्रत्यक्ष गुरू होता. त्यांचे मिग हजारांनी झाले, आपल्या मरुताचा वंश खुंटला. हा फरक बुद्धीचा नव्हे. आपल्या इंजिनिअरांनी मरुताचा देह उभा करून दाखविलाच. फरक इंजिनाचा आणि चिकाटीचा आहे. त्यांनी परक्याचे इंजिन उतरवून घेतले, आणि ते उतरवीत असतानाच स्वतःचे घडविण्याची व्यवस्था केली. आपण देह घडविला आणि प्राण बाजारात मिळेल ह्या भरवशावर राहिलो.

लेखकू आणि ग्रंथकार

ओझरच्या कारखान्यास ह्या दृष्टीने पाहावे. १९६२ च्या करारानुसार मिग-२१ चा परवाना मिळाला. प्रथम तयार भाग येऊन ते जोडले जात. १९७० साली कच्च्या मालापासून बनविलेले पहिले विमान बाहेर पडले. साडेसहाशेच्या वर मिग-२१ विमाने आपल्या देशात बनली. हे काम हलके नव्हे. ज्यांनी जुनी पोथी अक्षर न चुकविता उतरविण्याचे काम पाहिले आहे त्यांस लेखकूची योग्यता कळते. केसाइतका फरक झाला तर वैमानिकाच्या जिवावर बेतते. ती जबाबदारी आपल्या भागातील साध्या घरांच्या मुलांनी पेलली. पण लेखकू तो लेखकू आणि ग्रंथकार तो ग्रंथकार. परवान्याने आकृती मिळते. ती तशी का आहे, हे परवान्यात लिहिलेले नसते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला वायुसेनेने निरोप दिला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, ओझरच्या धावपट्टीवरून तेथे बनलेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ उडाले. ह्याचा आराखडा आपला आहे; कोणी परवाना दिलेला नाही. ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्याचे इंजिन अमेरिकन आहे. ‘कावेरी’ हे स्वतःचे इंजिन बनविण्याचे काम १९८९ साली हाती घेतले गेले, आणि २००८ साली ते तेजसपासून वेगळे करावे लागले. पात्यांचा, उष्णतेचा आणि धातुविद्येचा जो प्रश्न युंकर्सच्या वेळी जर्मनांना छळीत होता, तोच आपणास छळीत आहे. मरुताची कथा पुन्हा घडू द्यावयाची नसेल तर ह्या प्रश्नास भिडल्यावाचून गत्यंतर नाही.

घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिल्याचे त्यात नमूद आहे. त्या भास्कराचार्यांनी बीजगणिताच्या अखेरीस स्पष्ट म्हटले आहे की, ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ ह्यांचे बीजगणित अतिविस्तृत असल्यामुळे त्यांचे सार आपण घेतले. त्यांस कोणी चोर म्हणत नाही. त्यांनी ऋण उघडपणे मान्य केले, आणि घेतलेले पचवून त्यात स्वतःची भर घातली. रशियनांनी ऋण मान्य करण्यात कुचराई केली, पण पचविण्यात केली नाही. आपण ऋण मान्य करण्यात नेहमीच उदार असतो. उणीव राहते ती पचविण्यात.

म्हणून घरातील मुले जेव्हा विचारतील की अमुक यंत्र कोणाची नक्कल आहे, तेव्हा त्यांस एवढ्यावर थांबू देऊ नये. नक्कल करणाऱ्याने दहा वर्षांनी काय केले, हे पुढचे विचारावयास शिकवावे. परीक्षेत शेजाऱ्याचे गणित उतरविणारा मुलगा उत्तीर्ण होईल. पण उतरविलेले गणित घरी नेऊन ते का सुटले हे शोधणारा मुलगा पुढच्या वर्षी शेजाऱ्यास शिकवील. मिग-१५ च्या कुलात जर्मन सिद्धांत आहे, इंग्रजी इंजिन आहे आणि रशियन श्रम आहेत. कुल असे संमिश्र असले, तरी शील रशियनांनी स्वतःच्या कष्टाने मिळविले. आपल्या विमानांविषयी असेच म्हणता यावे, ह्यासाठी भट्टीपाशी उभे राहून धातूशी झगडणारी माणसे हवीत. ती आपल्या घरांतूनच निघावयाची आहेत.